फादर थॉमस स्टीफन्स : साष्टींतील मुलांचे पाद्री-गुरु

ज्युबिलीच्या वर्षीं मागील पिढ्यांतील थोर पुरुषांचें स्मरण करावें, ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. आम्ही या पानांवर ज्यांचें चरित्र सांगणार आहों, त्यांचें पाऊल वऱ्हाडच्या भूमीला कधीं लागलें नाहीं, आणि त्यांच्या मरणाला आतां चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. तथापि मराठी बोलणाऱ्या प्रत्येक कॅथलिक कुटुंबावर त्यांचें ऋण आहे. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते, येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स.

हेंच चरित्र कां निवडलें, असें कोणी विचारील. अमरावती काय किंवा अकोला काय, आपल्या धर्मग्रामांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडीं एकच काळजी ऐकूं येते. दृढीकरण होईपर्यंत मुलें धर्मशिक्षणाला येतात. पुढें तीं दिसेनाशीं होतात. आलींच तर मंदिराच्या शेवटल्या बांकावर बसतात व मिस्सा संपण्यापूर्वींच बाहेर पडतात. त्यांच्यासाठीं सहली निघतात, खेळांचे सामने होतात, खाऊ वाटला जातो. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु हें घर माझें आहे, येथें माझें कांहीं काम आहे, माझ्यावांचून येथें कोणाचें तरी अडेल, ही भावना खाऊनें उत्पन्न होत नाहीं. ती कशानें उत्पन्न होते, हें फादर स्टीफन्स यांच्या आयुष्यांत फार स्पष्ट दिसतें, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या गांवीं १५४९ च्या सुमारास झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. राणी एलिझाबेथच्या त्या राजवटींत कॅथलिक धर्म पाळणें हा अपराध होऊन बसला होता. मिस्सा ऐकावयाची ती चोरून, धर्मगुरूंस थारा द्यावयाचा तो जीव मुठींत धरून. अशा दिवसांत तरुण स्टीफन्स यांस थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत व धर्मनिष्ठ गृहस्थांचा स्नेह लाभला. पाउंड यांचे सेवक या मिषानें ते कांहीं काळ त्यांच्यासमवेत राहिले. दोघांनीं मिळून रोमला जावें आणि येशूसंघांत प्रवेश करावा, असा बेत ठरला होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं संघांत दाखल झाले. तेथें सुरक्षित झाल्यावर ते मित्रास विसरले नाहींत. १५७८ सालीं त्यांनीं संघाच्या वरिष्ठांकडे अर्ज करून, कैदेंत पडलेल्या पाउंड यांस तेथूनच संघाचे सभासद करून घ्यावें, अशी विनंती केली, आणि ती मान्यही झाली. पाउंड यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. जो मनुष्य मंदिराच्या दारापर्यंत येऊंच शकत नाहीं, त्यालाही आपल्या कुटुंबांत जागा राखून ठेवितां येते, हें स्टीफन्स यांस ऐन तारुण्यांतच कळलें होतें.

४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बनहून जहाजांत बसले आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. पुढील महिन्यांतच त्यांनीं या प्रवासाचें वर्णन करणारें पत्र वडिलांस लिहिलें. तें पुढें इंग्लंडांत छापलें गेलें व फार वाचलें गेलें. हिंदुस्थानांत वस्ती करून राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचें नांव घेतात. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना त्यानंतर एकवीस वर्षांनीं, १६०० सालीं झाली. मागाहून आलेल्या कित्येकांनीं या देशांतून काय काय नेलें तें सर्वश्रुत आहे. पहिला आलेला मात्र येथेंच राहिला, येथलीच भाषा शिकला आणि येथेंच मातीस मिळाला. इंग्लंड त्यांनीं पुन्हां पाहिलें नाहीं.

१५८० मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली व त्यांची नेमणूक गोव्यांतील साष्टी प्रांतांत झाली. मुंबईजवळ साष्टी आहे ती वेगळी. ही मडगांव, राशोल, कुंकळ्ळी यांची साष्टी. पुढील सुमारें चाळीस वर्षें हीच त्यांची कर्मभूमि होती. तेथील स्थिति काय होती, हें सांगितल्यावांचून त्यांच्या कामाचें मोल कळणार नाहीं, आणि तें सांगतांना आम्ही कांहीं झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. १५६७ सालीं पोर्तुगीज अंमलदारांनीं साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. जुनीं पुराणें वाचण्यास व बाळगण्यास मनाई झाली होती. ज्या लोकांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांत श्रद्धेनें घेणारे होते, तसे भयानें घेणारेही होते. संध्याकाळीं ओसरीवर बसून पुराण ऐकण्याची पिढ्यान् पिढ्यांची जी सवय होती ती तुटली, आणि तिच्या जागीं नवें असें कांहींच आलें नाहीं. मंदिरांत मिस्सा लॅटिन भाषेंत. राज्यकर्त्यांची बोली पोर्तुगीज. वडिलांचें गाणें बंद पडलेलें आणि नवें गाणें कळत नाहीं, अशा घरांत त्या वेळचीं ख्रिस्ती मुलें वाढत होतीं. जबरदस्तीनें रिकामें केलेलें मन म्हणजे धर्मांतर झालेलें मन नव्हे, ही गोष्ट त्या काळीं फार थोड्यांच्या लक्षांत आली.

या रागाचा स्फोट जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें झाला. तेथें क्रूस उभारण्यास जागा पाहूं गेलेले फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघी सोबती गांवकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांच्याबरोबर कांहीं स्थानिक ख्रिस्ती जनही पडले, व त्यांत कोवळ्या वयाचे मुलगे होते. उलट बाजूस, सरकारनें पुढें कुंकळ्ळीच्या गांवप्रमुखांस बोलावून घेऊन ठार मारिलें, हाही इतिहासच आहे. हुतात्म्यांचीं शरीरें परत मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामांत स्टीफन्स यांचा पुढाकार होता. गोव्यांत येऊन त्यांस तेव्हां चार वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. अशा प्रसंगानंतर एखादा परदेशी मनुष्य लोकांपासून दूर सरला असता, व त्याला कोणी दोष दिला नसता. स्टीफन्स अधिकच जवळ गेले. त्याच वर्षीं त्यांनीं पॅरिस येथील आपल्या भावास पत्र लिहून, या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें निरीक्षण कळविलें. ज्या शोधासाठीं सर विल्यम जोन्स यांचें नांव जगभर झालें, त्याच्या दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट. ज्यांस लोक अडाणी समजत होते त्यांच्या बोलीकडे हा मनुष्य गुरूकडे पाहावें तसा पाहत होता.

त्यांनीं कोंकणी इतकी आत्मसात् केली कीं, तिचें व्याकरणच लिहिलें. तें त्यांच्या मागें, १६४० सालीं, राशोल येथें छापलें गेलें. आणि मराठी ग्रंथांची भाषा त्यांनीं अशी कमावली, कीं ओवी हा छंद त्यांच्या हातीं परका वाटत नाहीं. यास किती वर्षें लागलीं असतील? ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे गोव्यांत पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षें झालीं होतीं. आजकाल एखादा कार्यक्रम तीन महिन्यांत फळला नाहीं तर आपण तो सोडून देतों, म्हणून हा आंकडा मुद्दाम लिहिला.

आतां त्या रविवारची गोष्ट सांगतों. ती ग्रंथाच्या आरंभींच स्वतः कर्त्यानें नमूद केली आहे. साष्टींतील एका मंदिरांत मुलांस धर्मशिक्षण देणें चाललें होतें. तेथें एक प्रतिष्ठित ख्रिस्ती गृहस्थ पुढें आले व पाद्री-गुरूंस नम्रपणें म्हणाले कीं, आपण शिकवितां तें उत्तम आहे. परंतु आमचीं जुनीं पुराणें तर बंद झालीं, आणि त्यांच्या जागीं वाचावयास, वेळ घालवावयास आम्हांजवळ कांहींच नाहीं. तेव्हां तसेंच एखादें ख्रिस्ती पुराण आम्हांस कां मिळूं नये?

प्रश्न साधा दिसतो, पण तो विचारणें सोपें नव्हतें. त्या दिवसांत जुन्या पुराणांचें नांव ममतेनें काढणें धोक्याचें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें या गृहस्थांस दटाविलें असतें, किंवा त्यांच्या निष्ठेविषयीं शंका घेतली असती. स्टीफन्स यांनीं तसें केलें नाहीं. या माणसाला जुन्या देवांची नव्हे, घराची आठवण येत आहे, हें त्यांनीं ओळखिलें. स्वतःचें घर कायमचें सोडून आलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या मनांतील ही कळ समजली असावी, असा आमचा तर्क आहे. आणि त्यांनीं त्या प्रश्नाला उत्तर म्हणून चार गोड शब्द दिले नाहींत. सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ दिला.

त्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वरु म्हणजे अध्याय असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाट पाहण्यापर्यंतची कथा आहे. दुसऱ्या पुराणांत एकोणसाठ अवस्वरु असून त्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. एकंदर ओव्या १०,९६२. पहिल्या तीन चरणांचें यमक जुळलेलें व चवथा चरण आंखूड, ही ओवी साष्टींतील लोकांच्या कानांत आधींपासूनच होती. त्यामुळें नवी कथा ऐकतांना कान अडखळत नसत. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें. मराठी भाषेची थोरवी गातांना रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर अशा येथल्याच वस्तूंची उपमा दिली. ग्रंथाची भाषा मराठी ठेवून, साध्या माणसांस कळावें म्हणून त्यांत त्यांच्या तोंडची बोली मिसळली.

आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या पुराणांत श्रोते गप्प बसत नाहींत. कथा चाललेली असतां मध्येंच कोणी उठून शंका विचारतो आणि पाद्री-गुरु थांबून उत्तर देतात. शंका घेणाऱ्याला ग्रंथांतच जागा ठेविली आहे. पुढें हा ग्रंथ मंदिरांत रविवारीं व सणांच्या दिवशीं म्हटला जाऊं लागला. तो म्हणतांना गाणाऱ्याबरोबर त्या विचारणाऱ्याचाही आवाज दरवेळीं मंदिरांत घुमत असे. बांकावर बसलेल्या मुलास यावरून काय कळलें असेल? एवढेंच, कीं येथें प्रश्न विचारणारा हांकलला जात नाहीं.

मुलांसाठीं लिहिलेल्या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकांतही हीच रीत आहे. कोंकणी भाषेंतील ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पोथी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राशोलला छापली गेली. ती संवादाच्या रूपानें, मुलांस शिकविण्यासाठीं रचली आहे, असें तिच्या मुखपृष्ठावरच म्हटलें आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांस गोळा करीत फिरत, ही कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. त्या घंटेनें मुलें जमलीं. जमलेलीं मुलें टिकावीं म्हणून मागाहून आलेल्या या पाद्रींनीं त्यांच्या भाषेंत बोलण्याची सोय केली.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. ग्रंथ देशी लिपींत छापला जावा अशी त्यांची तळमळ होती. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथें संघाच्या प्रमुखांस त्याविषयीं लिहिलें. जोडाक्षरें व काना-मात्रा धरून शेंकडों खिळे पाडावे लागतात, ही मोठीच अडचण होती. खिळे तयार झाले नाहींत. शेवटीं राशोलच्या छापखान्यांत मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६१९ सालीं, सत्तरीच्या आसपास, फादर स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले.

आपल्या वऱ्हाडास या गोष्टीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें, स्टीफन्स यांच्या तीनशें वर्षें आधीं, महानुभाव पंथाच्या मंडळींनीं मराठी गद्याचा पाया घातला. त्यांचे आचार्य नागदेव यांनीं संस्कृतांत ग्रंथ रचूं पाहणाऱ्या आपल्या विद्वान शिष्यास अडविलें, कारण तसें केल्यास स्वामींच्या म्हाताऱ्या भाबड्या शिष्यिणी वंचित होतील. धर्म निराळा, काळ निराळा. परंतु कोण वंचित होईल हा प्रश्न तोच आहे. तो आपणांसही सोडविणें प्राप्त आहे. १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, १९७७ सालीं औरंगाबाद त्यांतून वेगळा झाला. या प्रांतांतील मंदिरांत आज किती प्रकारचीं माणसें एकत्र गुडघे टेकतात! कोणी केरळांतून आलेले, कोणी गोव्याकडचे, कोणी रेल्वेच्या नोकरीमुळें अकोल्यास वा बडनेऱ्यास स्थायिक झालेले. कोणी मराठवाड्यांतील शेतकरी कुटुंबांतील, तर कोणी मेळघाटांतील कोरकू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं लोकभाषेंतील उपासनेस दार उघडलें, त्यामुळें लॅटिनची अडचण आतां उरली नाहीं. तरीही घरीं वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारा मुलगा शहराच्या धर्मग्रामांत आला कीं त्याची जीभ आखडते. इंग्रजी शाळेंत शिकणारीं मुलें वाचन करितात, गातात, सभेंत बोलतात. हा मुलगा खुर्च्या उचलतो. खुर्च्या उचलणें हलकें काम नव्हे. परंतु वर्षानुवर्षें केवळ खुर्च्याच उचलावयास लावलेला तरुण एके दिवशीं येईनासा होतो, आणि मग आपण म्हणतों कीं हल्लींच्या मुलांत श्रद्धा उरली नाहीं.

असा मुलगा पहिल्यांदा उठून वाचूं लागला, व त्याच्या तोंडीं ण च्या जागीं न किंवा ळ च्या जागीं य आला, तर हंसणारे आपल्यांतच निघतात. साष्टींतील लोक इंग्रज पाद्रींच्या उच्चारांस सुरुवातीच्या वर्षांत किती हंसले असतील याची कल्पनाच केलेली बरी! त्यांनीं सहन केलें व शिकविलें, म्हणून ख्रिस्तपुराण झालें. तोच धीर आपण आपल्या मुलांबाबत धरावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. तरुणांच्या सभेंत वडील मंडळींचीं भाषणें पाऊण तास चालतात, आणि शंका विचारण्यास वेळ उरत नाहीं. हें तर स्टीफन्स यांच्या रीतीच्या अगदीं उलट झालें.

त्यांच्या ग्रंथाचें पुढें काय झालें तें सांगून लेखणी खालीं ठेवितों. पहिल्या आवृत्तीनंतर १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. परंतु १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढून स्थानिक भाषेच्या जागीं तीन वर्षांत पोर्तुगीज रूढ करण्याचें फर्माविलें. या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठें असल्याचें आढळत नाहीं. तरी पुराण मेलें नाहीं. लोकांनीं तें हातानें नकलून घेतलें, उपवासकाळांत गाइलें, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीं पोथ्या बरोबर नेल्या. तेथल्याच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं तें मंगळूर येथें छापलें, रोमन लिपींतच. देवनागरी अक्षरांत तें पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. स्टीफन्स यांनीं रोमला पत्र लिहिल्याला तेव्हां तीनशें अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं. त्यानंतर १९९६ मध्यें फादर कारिदाद द्रागो यांची व २००९ मध्यें फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ति निघाली. त्यांपैकीं एखादी प्रत मिळवून उपवासकाळांतील एखाद्या संध्याकाळीं तरुणांच्या हातीं द्यावी, अशी आमची धर्मग्रामांतील मंडळींस विनंती आहे. शब्द जुने आहेत, अर्थ लागावयास थोडे कष्ट पडतील. चालीची अडचण मात्र पडूं नये. पहांटे जात्यावर बसून ओव्या म्हटलेल्या आजीबाई आपल्या कित्येक घरांत अद्याप आहेत. त्यांस त्या संध्याकाळीं मुद्दाम बोलावून पहिल्या बांकावर बसवावें, व पहिली ओवी त्यांच्या सुरांत लावावी.